नावेतील वास

मराठी भाषेत 'वास' हा मोठा मजेचा शब्द आहे. राहणे हाही वास आणि गंध हाही वास. जमिनीवरच्या घरात हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. स्वयंपाकघरात मासळी तळली तर माजघराचे दार लोटून घेता येते. न्हाणीघरातून दुर्गंधी आली तर अंगणात जाऊन बसता येते. नावेवर राहणाऱ्याला ही सोय नाही. जेथे निजावयाचे त्याच्या उशाशी चूल, चुलीच्या फळीपलीकडे इंजिन, आणि पायाखालच्या फळ्यांखाली साचलेले पाणी. दोन्ही वास तेथे एकाच खोलीत नांदतात.

हा विषय आज निघण्याचे कारण एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांचे यजमान ट्रॉलरवर तांडेल आहेत, आणि यंदाच्या ऑगस्टपासून थोरला मुलगाही त्यांच्याबरोबर जाऊ लागला आहे. मुलगा आठ-दहा दिवसांनी घरी येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना, केसांना, इतकेच काय पण बरोबर दिलेल्या पावांतून जे उरतात त्यांनाही एक वास येतो, आणि कितीही धुतले तरी कपड्यांचा वास जात नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मुलाला तो सोसत नाही. पहिल्या फेरीत त्याच्या पोटात अन्न ठरले नाही. यजमानांना मात्र वास म्हणून काही येतच नाही! बाईंनी उपाय म्हणून मुलाच्या पेटीत डांबरगोळ्या आणि उदबत्तीचा पुडा घातला आहे. याहून चांगले काही असल्यास कळवावे, अशी त्यांची विनंती आहे.

आमचे पहिले सांगणे असे की, पेटीतल्या डांबरगोळ्या आधी काढाव्यात. त्यांतील नॅप्थॅलीनची वाफ बंद खोलीत श्वासावाटे अंगात जाते. तिने डोके दुखते, मळमळते, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः उणीव असते त्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. ज्याला आधीच मळमळते आहे त्याच्या उशाशी मळमळ वाढविणारी वस्तू कशाला? उदबत्तीशी आमचे काही वैर नाही. धुपाच्या धुरात आमचा जन्म चालला आहे हे वाचक जाणतातच. पण वेदीपुढचा धूप कुजका वास झाकण्यासाठी नसतो. नावेच्या खोलीत वास झाकणे म्हणजे दाराशी आलेल्या निरोप्याच्या तोंडावर फडके बांधणे होय. तो काय सांगावयास आला होता ते राहूनच जाते, आणि समुद्रावर कित्येकदा तो निरोप जिवावरचा असतो.

यजमानांना वास येत नाही यात त्यांचा दोष नाही. नाक हे फार लवकर थकणारे इंद्रिय आहे. एकच गंध सतत येत राहिला तर थोड्याच मिनिटांत त्याची जाणीव मंदावते. नवे काही आले तरच कळावे, अशी ही योजना आहे. याचा अर्थ असा की, वीस वर्षे नावेवर काढलेला तांडेल वारा, भरती आणि मासळी यांविषयी कितीही जाणता असला तरी आपल्या नावेच्या वासाविषयी साक्ष देण्यास तो सर्वांत अपात्र. नव्या मुलाचे नाक हीच त्या नावेवरची आजची उपयुक्त वस्तू आहे. काही आठवड्यांत तेही मुके होईल. तोवर त्याची थट्टा न करता त्याला विचारावे: वास कोठे अधिक येतो? पहाटे येतो की इंजिन चालू झाल्यावर? कुजक्या अंड्यासारखा आहे, की डिझेलसारखा, की ओल्या गोणपाटासारखा? एवढ्यात अर्धे निदान होते.

कुजक्या अंड्यासारखा असेल तर फळ्या उचलून तळ पाहावा. नाव कितीही घट्ट असली तरी तिच्या तळाशी पाणी जमतेच. पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथून ते थेंब थेंब झिरपते, पावसाचे येते, बर्फ वितळून येते, जाळी धुतल्याचे येते. आणि त्यात डिझेलचे थेंब, माशांचे रक्त, खवले, भाताची शिते व माणसांचे केस जाऊन पडतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते. जेथे हवा पोचत नाही अशा गाळात काही सूक्ष्म जीव प्राणवायूऐवजी या सल्फेटावर निर्वाह करतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. तोच तो अंड्याचा वास. गोड्या पाण्यात सल्फेट फार थोडे असते, म्हणून नदी-तळ्यांतल्या नावांना हा त्रास कमी.

यावरून जुन्या लाकडी गलबतांची एक उलटी वाटणारी गोष्ट उलगडते. जे गलबत गळके त्याचा तळ स्वच्छ राही, आणि जे घट्ट त्याचा तळ नासे. गळक्याचे पाणी रोज उपसावे लागे व रोज नवे येई. घट्ट गलबतात थोडेसेच पाणी महिनोन्‌महिने निजून राही. नोहाचे तारू तर आतून-बाहेरून डांबर लावून घट्ट केलेले, तीन मजल्यांचे, एका दाराचे, आणि आत सर्व जातींची जनावरे. शास्त्रात त्याची लांबी, रुंदी व उंची हातांच्या मापाने दिली आहे. तळाच्या पाण्याविषयी मात्र एक अक्षर नाही. नोहाच्या सुनांना कोणी विचारले असते तर त्यांनी एक निराळा अध्याय सांगितला असता, असे आम्हांस नेहमी वाटते.

उपाय साधा आणि कष्टाचा आहे. तळ पूर्ण उपसावा. साबण व गोडे पाणी घालून घासावा. तळाच्या आडव्या लाकडांना पाणी पंपाकडे वाहून जावे म्हणून लहान भोके ठेवलेली असतात; ती केसांनी व खवल्यांनी बुजतात आणि मग पंप चालत असूनही पलीकडच्या कप्प्यात डबके राहते. भोके तारेने मोकळी करावी आणि शेवटचे पाणी फडक्याने टिपावे. कोरड्या तळाला वास येत नाही. तेल सांडले असेल तर ते आधी चिंध्यांनी टिपून किनाऱ्यावर आणावे. पंपाने खाडीत सोडले तर आपला वास शेजाऱ्याच्या जाळ्यात जातो. मोठ्या जहाजांनाही आंतरराष्ट्रीय कराराने तळाचे पाणी सोडताना दहा लाख भागांत 15 भागांहून अधिक तेल असू नये असे बंधन आहे. सुगंधी औषधांच्या बाटल्या तळात ओतण्याची एक चाल दिसते. त्यांनी चार दिवस फुलांचा वास येतो आणि पाचव्या दिवशी फुले व अंडी असा मिश्र वास येतो.

ज्या नावांवर शौचालय असते त्यांचे दुखणेही पुष्कळदा याच कुळातले असते. लोक माणसांना दोष देतात, पण पहाटे पहिल्यांदा पाणी सोडताना जो भपका येतो तो नळीत रात्रभर कोंडलेल्या समुद्राच्या पाण्याचा असतो. त्या पाण्यातले अगदी बारीक जीव नळीत मरतात व कुजतात. रात्री शेवटचे पाणी गोडे सोडले की हा भपका बहुतांशी जातो. तरीही वास राहिला तर नळी तपासण्याची एक जुनी युक्ती आहे. फडके गरम पाण्यात भिजवून, पिळून नळीवर घासावे, थंड होऊ द्यावे आणि दूर नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर दुर्गंधी नळीच्या रबरातून झिरपते आहे. तेथे घासून उपयोग नाही, नळीच बदलली पाहिजे. मैला साठविण्याची टाकी असेल तर तिला हवा हवी. हवेत वाढणारे जीव मैला विशेष दुर्गंधीवाचून जिरवतात, हवा कोंडली की दुसरे जीव माजतात. म्हणून टाकीच्या श्वासनळीत मीठ किंवा कचरा अडकला नाही ना, हे पाहावे. भांडे साफ करताना व्हिनेगर आणि ब्लीच ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो, आणि लहानशा खोलीत तो फुप्फुसे जाळतो.

हे झाले शौचालय असणाऱ्यांचे. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ मासेमारी नावांवर ते नसतेच, आणि खलाशी मात्र हंगामभर तेथेच राहतात. सासष्टीतील कुटबण धक्क्यावर 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलऱ्याची साथ आली व काही खलाशी दगावले. बहुतेक परराज्यांतून आलेले, नावेवरच शिजविणारे व नावेवरच निजणारे. साथीपूर्वी त्या धक्क्याच्या दुर्गंधीबद्दल बोलले जात नव्हते असे नाही. पण 'मासळीचा धक्का म्हटला की वास यावयाचाच' या एका वाक्यात तो विषय मिटत असे. मासळीच्या वासाने कोणी मरत नाही. त्या वासात दुसरा वास मिसळला होता, पिण्याचे पाणी व मैल्याचे पाणी यांत अंतर उरले नव्हते, आणि नाके सवयीने थकली होती. आमच्या मते नाव चालविणाऱ्याने जाळ्याच्या व बर्फाच्या हिशेबात पिण्याच्या पाण्याचे झाकणबंद पिंप आणि धक्क्यावरचे स्वच्छ शौचालय या दोन रकमा धरल्याच पाहिजेत. तो धर्मादाय नव्हे, नाव चालविण्याचा खर्च आहे.

ओल्या गोणपाटाचा वास हा बुरशीचा. नावेत बुरशी पाण्यापेक्षा हवेतल्या ओलीने अधिक वाढते, आणि ती ओल आपणच आणतो. झोपलेला माणूस एका रात्रीत श्वास व घाम यांवाटे पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. सहा माणसे निजली की दीड लिटर झाले. एक किलो गॅस जाळला की त्यातून दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निघते. ती सारी खोलीच्या गार पत्र्यावर जाऊन बसते. त्यावर एक खिडकी उघडून भागत नाही. हवा यावयाला एक वाट व जावयाला दुसरी वाट हवी. गाद्या थेट पत्र्यावर किंवा फळीवर न टाकता खाली पट्ट्यांची जाळी घालावी, म्हणजे खालूनही हवा फिरते. आणि खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे गोड्या पाण्यातून काढल्यावाचून वाळत घालू नयेत. मीठ हवेतली ओल ओढून घेते. शर्ट उन्हात कडकडीत वाळला तरी संध्याकाळी दमट होतो आणि दमट शर्टाला बुरशी धरते. आपल्या सहा अधिकारी भगिनी 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून 'तारिणी' या 56 फुटी शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि 254 दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. दक्षिणेकडच्या वादळी समुद्रात झडपा मिटून घेतल्यावर कपडे वाळविण्याचे त्यांचे काय झाले असेल, ते त्याच जाणोत.

डिझेलबद्दल थोडक्यात. त्याची वाफ चरबीत विरघळते, म्हणून लोणी, दूध, तळलेले पदार्थ व केसांचे तेल ती आधी धरतात. पावाच्या जाळीतही ती बसते. पाव कागदात न देता घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावा, आणि कपड्यांची पेटी इंजिनाच्या भिंतीपासून दूर ठेवावी. नळीच्या सांध्यातून गळणारा थेंब शोधून काढणे हे खरे औषध. डिझेल आणि तापलेले तेल यांचे वास एकत्र आले की बोट लागणे बळावते. नव्या माणसाला त्या वेळी खाली कांदा चिरावयास न बसविता वर मोकळ्या वाऱ्यात, क्षितिज दिसेल असे बसवावे.

राहिली मासळी. ताज्या मासळीला फारसा वास नसतो. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमेथिलअमीन ऑक्साइड नावाचे एक द्रव्य असते. मासा मेल्यावर सूक्ष्म जीव त्याचे ट्रायमेथिलअमीन करतात, आणि ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो बराचसा त्याचाच. मोरी, वाघळी यांच्या अंगात युरियाही भरपूर असतो, त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी शिळी झाली की नाकात झोंबते. हे दोन्ही वास क्षारधर्मी आहेत, आणि आंबट पदार्थ लागला की त्यांचे मिठात रूपांतर होऊन ते हवेत उडेनासे होतात. आपल्या आयाबायांनी मासळीला आमसूल, चिंच व लिंबू लावण्याचा जो रिवाज घातला त्यात हे सारे रसायनशास्त्र आले. कपड्यांनाही तोच न्याय लावावा. मासळीचे रक्त लागलेला कपडा प्रथम थंड पाण्यात भिजवावा, कारण गरम पाण्याने रक्त धाग्यात गोठून बसते. मग साबण लावावा, नंतर बादलीभर पाण्यात वाटीभर माडाचे व्हिनेगर घालून त्यात थोडा वेळ ठेवावा, शेवटी गोड्या पाण्यातून काढून उन्हात टाकावा. हातांना व केसांना लिंबू पुरते.

इतके करूनही थोडा वास राहीलच. रविवारच्या मिस्सेला काही माणसे वर्षानुवर्षे मागच्या दाराशी उभी राहतात. पुढची बाके मोकळी असली तरी येत नाहीत. आम्ही ही गोष्ट भक्तीच्या उणिवेवर ढकलतो. त्यांतल्या कित्येकांना आपल्या अंगाच्या वासाची लाज वाटते, आणि ती लाज त्यांना शेजाऱ्याच्या रुमालाने शिकविलेली असते. त्याच शेजाऱ्याच्या घरी दुपारी सुरमई असते.

आता गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम घातलेले असते. हा गॅस हवेहून जड. घरात तो उंबऱ्यावरून बाहेर पडू शकतो. नाव ही एक मोठी वाटीच असल्यामुळे तिच्या तळात तो पाण्यासारखा साचतो. म्हणून सिलिंडर खाली न ठेवता वर उघड्यावर ठेवावा, आणि वास आल्यास काडी किंवा इंजिनाचा खटका या दोहोंना हात न लावता आधी झडपा उघडाव्यात. खोलीत उदबत्ती का नको, याचे आणखी एक कारण येथे मिळते. बॅटरीपाशी अंड्याचा वास येऊ लागला तर ती प्रमाणाबाहेर चार्ज होत आहे असे समजावे. तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र कसलाच वास नाही. तेथे नाकाचा उपयोग नाही, धूर खोलीत शिरणार नाही अशी वाट काढणे व सूचना देणारे यंत्र बसविणे एवढेच हाती आहे.

सर्वांत फसवा तो हायड्रोजन सल्फाइड. हवेत अगदी अत्यल्प असताना नाकाला तो कळतो. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास झाला की काही मिनिटांतच तो घ्राणशक्तीच मारून टाकतो. माणसाला वाटते वास गेला, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो. त्याहून कित्येक पट वाढला की दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. बर्फ वितळून सडलेल्या मासळीचा बंद खण म्हणजे हा वायू तयार होण्याची जागाच, आणि तेथील प्राणवायूही सडण्याच्या क्रियेत संपलेला असतो. 2022 च्या एप्रिलमध्ये मंगळूरजवळ मासळीच्या एका कारखान्यात टाकी साफ करावयास एक कामगार उतरला आणि कोसळला. त्याला काढण्यासाठी बाकीचे त्याच्या मागोमाग उतरले. पाच जण गेले. सगळे सोबती, आणि सोबत्यासाठीच उतरलेले.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि दोन महिने मिटलेले खण 1 ऑगस्टच्या आसपास उघडतात. झाकण काढल्यावर पुष्कळ वेळ, शक्य तर पंख्याने, हवा खेळू द्यावी. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत नको. हा वायू पेट घेतो. नाकावर फडके बांधून तो अडत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असावी आणि दोरीचे दुसरे टोक वर, उघड्यावर, दोघांच्या हातांत असावे. खालच्याने हाकेला ओ दिली नाही तर वरच्यांनी दोरी ओढावी. आत उतरू नये, मग खाली असलेला सख्खा भाऊ का असेना.